लेखाशीर्ष कोणाच्या हाती?

१

बी.ए.च्या पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा पुरावा जोडायचा होता. आई तालुक्याच्या गावी नगरपालिकेत रोजंदारीवर झाडूकाम करी. तिच्या मजुरीचा दाखला मागायला मी तिच्याबरोबर कचेरीत गेले. कारकुनाने आस्थापनेचे रजिस्टर काढले. त्यात आईचे नाव नव्हते. मग त्याने दुसरे रजिस्टर उघडले. खराटे, फिनेल, चुन्याच्या गोण्या, टोपल्या यांच्या रकमा ज्या पानावर होत्या त्याच पानावर, त्याच शीर्षाखाली 'रोजंदारी बाया' अशी एक ओळ होती आणि पुढे एकत्र रक्कम होती. कारकून वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "हे बघ पोरी, तुझ्या आईचे पैसे पगारात पडत नाहीत, सफाई साहित्यात पडतात. मग पगाराचा दाखला मी कुठून देऊ?"

दाखला शेवटी तलाठ्याकडून मिळाला. परंतु ते पान माझ्या डोळ्यांपुढून गेले नाही. आई तोवर अठरा वर्षे त्या गावचे रस्ते झाडत होती. ती पगारात पडत नव्हती म्हणून तिला रजा नव्हती, भविष्य निर्वाह निधी नव्हता, कायम होण्याचा दावा करायला कागद नव्हता. तिच्यावर अन्याय करण्यासाठी कोणाला शिवी द्यावी लागली नाही की हात उगारावा लागला नाही. तिची मजुरी कोणत्या नावाखाली लिहायची एवढे ठरविले की काम झाले.

पुढे मी इतिहास शिकवू लागले तेव्हा प्रश्न पडला की हे नाव ठरविते कोण? गाव की सरकार? आपल्या चळवळीने पाणवठ्यासाठी, जमिनीसाठी, शिक्षणासाठी, नोकरीसाठी लढे दिले. अर्थसंकल्पात आपल्या वाट्याला किती, हेही आपण विचारतो. परंतु ती रक्कम ज्या शीर्षाखाली लिहिली जाते ते शीर्ष उघडण्याचा, बदलण्याचा आणि बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न आपण हिशेबनिसांवर सोडून दिला. वर्गीकरण म्हणजे काय हे खरे तर आपल्याला कोणी शिकवायला नको. हजारो वर्षे आपले वर्गीकरण दुसऱ्यांनी केले आहे.

२

सरकारचा प्रत्येक रुपया जमा होताना किंवा खर्च होताना एका शीर्षाखाली लिहिला जातो. त्याला लेखाशीर्ष म्हणतात. आजच्या पद्धतीत या शीर्षाचे सहा स्तर आहेत : चार आकडी प्रधान शीर्ष, दोन आकडी उपप्रधान शीर्ष, तीन आकडी गौण शीर्ष, आणि मग प्रत्येकी दोन आकडी उपशीर्ष, तपशीलवार शीर्ष व उद्दिष्ट शीर्ष. एकूण पंधरा आकडे. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षणावरील महसुली खर्च. पहिल्या आकड्यात दोन मिळवून ४२०२ केले की शिक्षणावरील भांडवली खर्च, आणि ६२०२ केले की शिक्षणासाठी दिलेली कर्जे. २२२५ म्हणजे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याक यांचे कल्याण. शेवटचे दोन आकडे पैसा कशाच्या रूपाने गेला ते सांगतात. वेतन वेगळे, मजुरी वेगळी, शिष्यवृत्ती वेगळी.

यात सत्तेची वाटणी कशी आहे ते पाहावे. प्रधान शीर्षापासून गौण शीर्षापर्यंतची यादी साऱ्या देशासाठी एकच असते. ती केंद्रात ठेवली जाते. नवे प्रधान वा गौण शीर्ष उघडायचे असेल तर केंद्रीय अर्थमंत्रालयातील महालेखानियंत्रकाच्या कार्यालयामार्फत आणि भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकाच्या सल्ल्यानेच ते उघडते. त्याखालचे स्तर, म्हणजे उपशीर्ष आणि तपशील, राज्य सरकार महालेखापालांशी विचारविनिमय करून ठरविते. नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या वह्या याहून निराळ्या. त्यांचे नमुने राज्य ठरविते आणि त्यांत नोंद करतो तो स्थानिक लिपिक. थोडक्यात, वरचे नाव दिल्लीचे, मधले नाव मुंबईचे आणि खालचा हात गावचा. ही वाटणी एका दिवसात झालेली नाही. तिला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा एक मोठा अभ्यासक आपलाच माणूस होता.

३

इंग्रजांच्या आधी आणि त्यांच्या पहिल्या काळातही गावचा हिशेब कुळकर्ण्याच्या दप्तरात असे. 'स्थानिक' हिशेबाचे हे आपल्याकडचे मूळ रूप होय. ज्याला वाचता येते तोच लिहिणार, ज्याच्यावर लिहिले जाते त्याला ते वाचता येणार नाही, ही त्या दप्तराची घटना होती. जोतीराव फुल्यांनी कुळकर्ण्याच्या लेखणीवर कोरडे ओढले ते याच कारणाने. त्या हिशेबात महाराची जागा कोणती? तो सरकारचे टपाल नेई, वसुलीचा पैसा पोचवी, आलेल्या अंमलदाराची सरबराई करी. त्याबद्दल त्याला गावाकडून बलुते आणि थोडी वतनी जमीन असे. त्या जमिनीवर सरकार जुडी घेई. म्हणजे सरकारी वहीत महार जमेच्या बाजूला जुडीच्या रूपाने दिसे. खर्चाच्या बाजूला पगार म्हणून तो जवळपास दिसतच नसे. सरकारचे काम करणारा, पण सरकारच्या पगारात न पडणारा माणूस. आईचे पान पाहिले तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

गावपातळीवर असे दप्तर आणि वर काय? १८३३ च्या सनदी कायद्याने साऱ्या हिंदुस्थानचा खजिना गव्हर्नर जनरलच्या हाती एकवटला. मुंबई वा मद्रासच्या गव्हर्नराला एक नवी जागा निर्माण करायची, एक नवा पगार मंजूर करायचा, तरी कलकत्त्याची परवानगी लागे. १८५७ च्या उठावाने कंपनी कर्जात बुडाली. कारभार राणीकडे गेला आणि १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी पहिला अर्थसंकल्प मांडला. परंतु एकवटलेल्या खजिन्याचा एक परिणाम अटळ होता. प्रांतांना काटकसर करून काही मिळत नसे आणि जो जास्त ओरडेल त्याला जास्त मिळे. म्हणून १४ डिसेंबर १८७० च्या ठरावाने लॉर्ड मेयो यांच्या सरकारने तुरुंग, नोंदणी, पोलीस, शिक्षण, वैद्यकीय सेवा, छपाई, रस्ते, इमारती अशी काही शीर्षे ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपविली. १८७७ पासून काही उत्पन्नाची शीर्षेही दिली गेली. १८८२ पासून काही शीर्षे साम्राज्याची, काही प्रांताची आणि काही दोघांत विभागलेली, अशी रचना आली.

या सर्व प्रवासाचा सांगोपांग अभ्यास बाबासाहेबांनी केला. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचा प्रबंध 'दि इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' या नावाने १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनी प्रसिद्ध केला. त्याला प्रा. एडविन सेलिगमन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव गायकवाडांना अर्पण केलेला आहे. आपल्याकडे बाबासाहेबांचे जातिविषयक ग्रंथ घरोघर वाचले जातात. हा ग्रंथ मात्र 'अर्थशास्त्राचा' म्हणून कपाटात राहतो. त्यातला निष्कर्ष आजही कामाचा आहे. शीर्षे प्रांतांच्या नावावर आली म्हणून प्रांत स्वतंत्र झाले असे नव्हते. कायद्याने त्यांना स्वतःचे उत्पन्न नव्हते, कर बसविण्याचा वा कर्ज काढण्याचा स्वतंत्र अधिकार नव्हता, आणि हिशेब ठेवणारे व तपासणारे अधिकारीही वरच्या सरकारचेच होते. शीर्षांची वाटणी झाली ती केंद्राच्या सोयीने झाली आणि केंद्राच्या मर्जीने ती परतही घेता आली असती. नाव वहीत कोठे लिहिले आहे आणि अधिकार कायद्याने कोठे आहे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना त्यांनी अबकारीचे उत्पन्न आणि शिक्षणावरचा खर्च ही दोन शीर्षे शेजारी ठेवली आणि दारूतून जनतेकडून जे घेता तेवढे तरी शिक्षणावर तिला परत द्या, अशी मागणी केली. दोन शीर्षे शेजारी ठेवून वाचणे, ही पद्धत आपल्याला त्यांच्याकडून मिळालेली आहे.

४

१९१९ च्या सुधारणांनी विभागलेली शीर्षे संपविली आणि प्रांतांचे अर्थसंकल्प केंद्राच्या अर्थसंकल्पापासून वेगळे केले. परंतु हिशेबाचा नमुना वेगळा झाला नाही. १९३५ च्या कायद्याच्या १६८ व्या कलमाने ऑडिटर जनरलला, गव्हर्नर जनरलच्या मान्यतेने, प्रांतांनी हिशेब कोणत्या पद्धतीने ठेवावेत याविषयी निदेश देण्याचा अधिकार दिला. हेच सूत्र स्वतंत्र भारताच्या घटनेत १५० व्या अनुच्छेदात आले : केंद्राचे आणि राज्यांचे हिशेब महालेखापरीक्षक राष्ट्रपतींच्या मान्यतेने ठरवतील त्या नमुन्यात ठेवायचे. हा अधिकारी घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असे मत बाबासाहेबांनी मे १९४९ मध्ये घटना समितीत मांडले होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने हा अधिकार राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारकडे, नेला आणि महालेखापरीक्षकाशी नुसता विचारविनिमय पुरेसा केला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने 'विचारविनिमय' काढून 'सल्ल्यानुसार' हा शब्द घातला. एका शब्दासाठी दोन घटनादुरुस्त्या झाल्या. यावरून हा विषय किती 'तांत्रिक' आहे ते वाचकांनी ठरवावे.

१९७६ मध्येच केंद्राचे हिशेब लिहिणे हे काम तपासनिसांकडून काढून वेगळे करण्यात आले. राज्यांचे तसे झाले नाही. महाराष्ट्र शासनाचे हिशेब आजही मुंबई आणि नागपूर येथील महालेखापालांच्या कार्यालयांत संकलित होतात.

घटना समितीत खेड्यांना राज्याचा पाया करा असा आग्रह धरणारे अनेक होते. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी त्याला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. खेडे म्हणजे संकुचितपणाची, अज्ञानाची आणि जातीयतेची जागा, हे त्यांचे निदान होते. मला वाटते, या निदानामागे महारवाड्याचा अनुभव जसा होता तसा वित्ताच्या अभ्यासकाचा अनुभवही होता. स्थानिक सत्तेच्या हाती वही दिली की ती वही कोण लिहितो, हे त्यांना माहीत होते.

५

१ एप्रिल १९७४ पासून लेखाशीर्षांची मांडणी मुळातून बदलली. खर्च कोणत्या खात्याने केला यापेक्षा तो कोणत्या कार्यासाठी झाला हे शीर्षावरून दिसावे, योजना आणि हिशेब यांची सांगड बसावी, असा हेतू होता. १ एप्रिल १९८७ पासून तिला आजचे आकडी रूप आले. शिक्षण, आरोग्य, शेती, पाटबंधारे, रस्ते अशी कार्ये आली. परंतु कार्य कोणासाठी, हा प्रश्न या मांडणीत सहज बसत नव्हता. शाळा बांधली, खर्च शिक्षणात पडला. ती शाळा कोणत्या वस्तीत बांधली हे वही सांगत नाही. रस्ता झाला, खर्च रस्त्यात पडला. तो दलित वस्तीच्या अलीकडे थांबला की पलीकडे गेला हे वही सांगत नाही.

या मौनावर उपाय म्हणून पाचव्या योजनेत आदिवासी उपयोजना आणि १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आली. तत्त्व साधे होते. योजनेच्या पैशातला लोकसंख्येच्या प्रमाणातला हिस्सा प्रत्येक खात्याने वेगळा काढावा. हा हिस्सा वहीत ओळखता यावा यासाठी दोन गौण शीर्षे आहेत : ७८९ अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेचे आणि ७९६ आदिवासी उपयोजनेचे. कोणत्याही कार्याच्या प्रधान शीर्षाखाली ती उघडता येतात. २४०१ पीक संवर्धन, त्याखाली ७८९. २२१५ पाणीपुरवठा व स्वच्छता, त्याखाली ७८९. हे तीन आकडे म्हणजे सरकारच्या वहीतली आपली वस्ती होय. फरक इतकाच की ही वस्ती गावाबाहेर टाकलेली नाही, प्रत्येक कार्याच्या आत हक्काने उभी करायची आहे.

आणि हे शीर्ष केंद्राच्या यादीत आहे म्हणून टिकले. एखाद्या जिल्ह्याच्या वा राज्याच्या मर्जीवर असते तर केव्हाच 'किरकोळ' मध्ये मिसळले असते.

परंतु केंद्राने ठरविलेल्या नावाचीही एक बाजू आहे. महाराष्ट्रात १९५६ नंतर लक्षावधी लोक बौद्ध झाले. राज्य शासनाने नवबौद्धांना काही सवलती दिल्या, पण केंद्राच्या लेखी ते अनुसूचित जातींत नव्हते. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ७.१४ टक्के नोंदले गेले. १९९० च्या कायदेशीर दुरुस्तीनंतर बौद्धांचा समावेश झाला आणि १९९१ मध्ये ते ११.०९ टक्के झाले. दहा वर्षांत लोक एवढे वाढले नव्हते. वहीतले नाव बदलले होते. ज्या योजनेचा हिस्सा लोकसंख्येच्या प्रमाणावर बेतलेला आहे तिथे या चार टक्क्यांचा अर्थ काय, हे सांगायला नको. दिल्लीतली व्याख्या गावातल्या माणसाला ओळखत नाही तेव्हा काय होते, याचे हे उदाहरण आहे.

६

७८९ चे पुढे काय झाले? २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या. माहितीच्या अधिकारातून बाहेर आले की दिल्ली सरकारने अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतील सुमारे ७४४ कोटी रुपये २००६-०७ पासूनच्या पाच वर्षांत त्या स्पर्धांच्या कामांकडे वळविले होते. संसदेत गदारोळ झाला आणि पैसा वळविला गेला हे तत्कालीन केंद्रीय गृहमंत्र्यांना मान्य करावे लागले. ही चोरी पकडता आली याचे एक कारण म्हणजे पैशाला नाव होते. नाव नसलेला पैसा चोरीला गेला तर चोरी झाली हेही कळत नाही.

त्यानंतर डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालील नियोजन आयोगाच्या कृतिदलाने निधी ७८९ आणि ७९६ याच शीर्षांखाली दाखविण्यावर भर दिला. २०१३ मध्ये आंध्र प्रदेशाने आणि त्याच वर्षी कर्नाटकाने या उपयोजनांसाठी कायदा केला. कर्नाटकाच्या कायद्यात मात्र सातव्या कलमात एक 'ड' पोटकलम होते. सर्वांसाठीच्या कामांवर खर्च झाला तरी त्यातला काही भाग दलितांसाठी झाला असे मानण्याची मुभा त्यात होती. 'मानण्याची'! दशकभर कार्यकर्त्यांनी आवाज उठविल्यावर २०२३ मध्ये ते पोटकलम रद्द झाले. शीर्ष शाबूत ठेवून त्याखाली काय लिहायचे ते बदलणे, ही प्रस्थापितांची नवी युक्ती आहे.

महाराष्ट्राने आदिवासी उपयोजनेत एक चांगला पायंडा पाडला होता. द. म. सुखटणकर समितीच्या शिफारशींनुसार १९९३-९४ पासून हा निधी वेगवेगळ्या खात्यांच्या हातून काढून आदिवासी विकास विभागाकडे एकत्र देण्यात आला. पुढे देशभर त्याची चर्चा झाली. याच महाराष्ट्रात मे २०२५ मध्ये महिलांना दरमहा रक्कम देणाऱ्या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी रुपये वापरले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. समर्थन असे झाले की लाभार्थ्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रिया आहेतच. माझी आईही त्या वयाची असती तर तिलाही ते पैसे मिळाले असते आणि तिने ते घेतलेही असते. प्रश्न तिने पैसे घेण्याचा नाही. सर्व स्त्रियांना सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून मिळते, ते दलित स्त्रीला मात्र तिच्याच वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या पैशातून द्यायचे, हे कोणत्या न्यायात बसते? सर्वसाधारण शीर्षात तिचा हिस्सा नाही काय?

७

इतके वाचून कोणी म्हणेल, मग सारे दिल्लीच्या हाती द्या. तसे नाही. मी बी.ए.ला असताना माझी शिष्यवृत्ती तिन्ही वर्षे उशिरा आली. शेवटच्या वर्षाची तर निकालानंतर आली. कचेरीत उत्तर एकच असे : तरतूद आहे, पण शीर्षावर निधी आलेला नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही १९४४ पासूनची योजना. केंद्राचा हिस्सा किती, राज्यावरचे बांधील दायित्व किती, हा वाद वर्षानुवर्षे चालू होता. एका विद्यार्थिनीचे पैसे दोन सरकारांच्या दोन शीर्षांतून यायचे आणि एक दुसऱ्याची वाट पाहायचे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६०:४० असे प्रमाण ठरविले. परंतु त्याआधी किती मुलामुलींनी कॉलेज सोडले त्याचे शीर्ष कोणत्याही वहीत नाही. दिल्लीच्या वहीला विद्यार्थिनी दिसत नाही. तिला फक्त राज्य दिसते.

आणि गावची वही? महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची आहे. ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे २०११ च्या लेखासंहितेप्रमाणे ३३ नमुने आहेत. २०२० पासून ई-ग्रामस्वराज या संगणकीय व्यवस्थेत खर्च भरला जातो. नमुने उत्तम आहेत. मागच्या वर्षी मी माझ्या विद्यार्थ्यांना आपापल्या गावच्या १५ टक्क्यांचा हिशेब मागायला सांगितले. काहींना हाकलून दिले, काहींना आणखी एका अर्जाची अट घातली, सहा जणांना कागद मिळाले. एका गावात मागासवर्गीयांसाठीच्या खर्चात दिव्याचे तीन खांब होते. विद्यार्थी खांब मोजायला गेला. एक वस्तीत होता, दोन दुसऱ्याच आळीत. शीर्ष बरोबर होते, रक्कम बरोबर होती, पावती बरोबर होती. खोटी होती ती फक्त जागा. आणि ती जागा माहीत असलेला माणूस दिल्लीत नव्हता, मुंबईत नव्हता, त्या वस्तीतच राहत होता.

म्हणून केंद्रीय की स्थानिक, हा प्रश्न असा सरळ मांडणेच चूक आहे. नाव ठरविणे एक काम, नोंद लिहिणे दुसरे आणि वाचणे तिसरे. नाव वरूनच पक्के झाले पाहिजे आणि ते कायद्याने बांधलेले पाहिजे. कारण स्थानिक हाताला ते पुसता येता कामा नये. माझ्या आईला साहित्यात घालण्याचे स्वातंत्र्य कोणत्याही नगरपालिकेला असता कामा नये. वाचण्याचे काम मात्र वस्तीतच झाले पाहिजे. कारण खांब कोठे उभा आहे ते वस्तीलाच दिसते. आज नेमके उलटे आहे. नाव वरचे असले तरी त्याखालचा तपशील स्थानिक सोयीने भरला जातो आणि वाचणारा कोणी नसतो. कुळकर्ण्याचे दप्तर गेले, पण ज्याच्यावर लिहिले जाते त्याला ते वाचता येऊ नये ही त्याची घटना शिल्लक आहे.

८

यापुढचा काळ अधिक सावध राहण्याचा आहे. २०१७-१८ पासून योजनांतर्गत आणि योजनेतर हा भेद केंद्रीय अर्थसंकल्पातून गेला. योजनेच्या रकमेतला लोकसंख्येप्रमाणे हिस्सा, हे जे आपले मोजमाप होते, त्यातली 'योजना'च उरली नाही. २०१२ मध्ये महालेखानियंत्रक सी. आर. सुंदरमूर्ती यांच्या समितीने लेखाशीर्षांची नवी मांडणी सुचविली होती. तीत खर्चाचे कार्य, योजना, खर्चाचे स्वरूप यांबरोबर लक्ष्यगट आणि भौगोलिक स्थान यांचे स्वतंत्र विभाग होते. म्हणजे कोणासाठी आणि कोठे, हे दोन प्रश्न वहीत येण्याची सोय होती. तशी मांडणी खरोखर आली तर ती आपल्या उपयोगाची आहे. परंतु 'कोठे' म्हणजे जिल्हा, तालुका, गाव की वस्ती, हे कोण ठरविणार? गावापाशी थांबलात तर खांब पुन्हा दुसऱ्या आळीत जाईल. हा निर्णय होताना आपल्यापैकी कोणी बोलणार आहे की नाही?

आपल्या अभ्यासवर्गांत घटना शिकवली जाते, इतिहास शिकवला जातो, कविता वाचली जाते. त्यात एक तास वहीसाठी द्यावा. अर्थसंकल्पाचे पुस्तक उघडून ७८९ कोठे आहे, कोठे नाही आणि वर्षाअखेर त्यातले किती परत गेले, हे पाहायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. आपल्या गावची १५ टक्क्यांची नोंद मागायला एक अर्ज आणि थोडा धीर लागतो. बाबासाहेबांनी कोलंबियात बसून साम्राज्याची वही वाचली. आपल्याला निदान आपल्या ग्रामपंचायतीची वाचता यावी.

आईने पुढे काम सोडले तेव्हा तिला नगरपालिकेने काही दिले नाही. देण्यासाठी शीर्षच नव्हते. मी तिला एकदा त्या पानाबद्दल विचारले. तिला ते आठवत नव्हते. तिला वाचता येत नाही, त्यामुळे तिने ते पाहिलेच नव्हते. मी मात्र पाहिले होते.